खाजणात उतार नसतो

मुंबईच्या थंडीचा विक्रम अजून 22 जानेवारी 1962 च्या नावावर आहे. त्या दिवशी सांताक्रूझला पारा 7.4 अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. एरवी जानेवारीत पहाटेचं तापमान सोळा-सतराच्या घरात असतं. निफाडच्या द्राक्षबागायतदारानं किंवा वेण्णा तलावाच्या काठी दव गोठलेलं पाहणाऱ्या महाबळेश्वरकरानं हसावं, अशी ही थंडी. पण मोटार बाळगणाऱ्या मुंबईकराला डिसेंबर-जानेवारीतली सकाळ कित्येक वर्षं नकोशी वाटत आली. गाडी कुरकुरायला बर्फ पडावा लागत नाही.

कारणं साधी आहेत. गार हवेत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, त्यामुळे कार्बोरेटरमधून सिलिंडरमध्ये जाणारं मिश्रण पातळ पडतं. रात्रभर उभ्या इंजिनातलं तेल दाट होतं. आपल्याकडे जुन्या गाड्यांत सर्रास पडणारं 20डब्ल्यू-40 तेल तर गारठ्यात जास्तच जड. आणि नेमकं त्याच वेळी शिशाच्या बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते. म्हणजे इंजिन फिरवायला जोर जास्त लागणार आणि जोर देणारी बॅटरी मात्र दुबळी. यातल्या एकेका गोष्टीनं गाडी अडत नाही. तिन्ही एकत्र आल्या आणि भरीला प्लग काळवंडलेला असला, की मग मालक सकाळी सात वाजता बॉनेट उघडून उभा.

मोटारीच्या सुरुवातीच्या काळात हा खेळ मनगटाचा होता. पुढून हँडल घालायचं, खालून वर झटका द्यायचा. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीभोवती वळवायचा नाही, हे शिकवणारा कोणीतरी लागायचा. इंजिन उलटं फिरलं तर हँडल माघारी येतं आणि अंगठा किंवा मनगट मोडतं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरनं त्यावर विजेचा स्टार्टर काढला. त्याच्या कंपनीचं नाव डेल्को. 1912 सालच्या कॅडिलॅक गाडीत तो पहिल्यांदा आला आणि श्रीमंतांच्या ड्रायव्हरांची मनगटं वाचली. आपल्याकडे हँडल मात्र पुढची कित्येक दशकं टिकलं. जीप, ट्रक आणि अँबॅसिडर यांच्या मालकांनी ते डिकीत किंवा सीटखाली जपून ठेवलं होतं, कारण बॅटरीवर फारसा कुणाचा विश्वास नव्हता.

मुंबईत 1919 साली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन स्थापन झाली, तेव्हा मोटार ही मूठभर लोकांची चैन होती. बंद पडलेल्या गाडीला मदत करणं हे या संस्थेच्या कामांपैकी एक. पण संस्था चर्चगेटला आणि तिचे सभासद बहुतेक दक्षिण मुंबईतले. ठाण्याच्या खाडीपलीकडे किंवा दहिसरच्या पुढे गाडी बंद पडली, तर ज्याचं त्यानं बघावं.

मध्यमवर्गाच्या दारात गाडी आली ती कुर्ल्याहून. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. 1947 पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायसलरच्या परवान्यावर गाड्या निघू लागल्या, आणि पन्नाशीच्या दशकात इटलीच्या फियाटशी सूत जुळलं. फियाट 1100, मग प्रीमियर प्रेसिडेंट, आणि सत्तरीच्या मध्यापासून प्रीमियर पद्मिनी: नावं बदलली, पण 1,089 सीसीचं इंजिन आणि गाडीचा स्वभाव तोच राहिला. इटलीत आल्प्सच्या पायथ्याशी, तुरीनमध्ये जन्मलेलं हे इंजिन. तिथला हिवाळा त्यानं पाहिलेला होता. तरी कुर्ल्याहून निघालेल्या पद्मिनीला पंधरा अंशांत हुडहुडी भरायची, यात इंजिनापेक्षा झिजलेले पॉइंट, थकलेली बॅटरी आणि पैसे वाचवायला पुढे ढकललेली सर्व्हिसिंग यांचाच हात जास्त होता.

पद्मिनीच्या मालकाची सकाळ ठरलेली असे. चोक पूर्ण ओढायचा. अ‍ॅक्सिलरेटर दोनदा दाबायचा, तिसऱ्यांदा नाही; जास्त पंप केलं की प्लग पेट्रोलनं भिजतात आणि मग पाऊण तास गाडीला हात लावू नये. सेल्फ मारायचा, पण लांबवायचा नाही. इंजिन धडपडत सुरू झालं की चोक हळूहळू आत ढकलायचा. हे सगळं जमलं तर ठीक. नाही तर धक्का.

आणि धक्क्याची गोष्ट निघाली की जमिनीचा प्रश्न येतो.

महाराष्ट्रात घाटावरच्या माणसाला गाडी उतारावर लावायची सवय असते. एसटीची पहिली बस 1 जून 1948 ला नगरहून पुण्याला धावली. त्यानंतर गावोगाव मुक्कामी गाड्या सुरू झाल्या. पारापाशी किंवा शाळेसमोर मुक्काम करणाऱ्या या बसचा ड्रायव्हर रात्री सगळ्यात आधी उतार बघे. पहाटे पाचला थंडीनं बॅटरीनं मान टाकली, तरी ब्रेक सोडला की बस आपोआप घरंगळू लागते. मग दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा, इंजिन धडधडतं. यात मेकॅनिक नाही, पाना नाही, पैसे नाहीत. नाशिक जिल्ह्यातल्या किंवा जावळीतल्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही.

मुंबईला लागून, दहिसरच्या पुढे असलेल्या मीरा रोडला मात्र ही सोय निसर्गानंच काढून घेतलेली. सिल्व्हर पार्क, प्लेझंट पार्क, हाटकेश, शांतीनगर ही सगळी वस्ती तळहातासारख्या सपाट जमिनीवर उभी आहे. एका बाजूला वसईची खाडी, दुसऱ्या बाजूला उत्तनचा समुद्र, मध्ये मिरे, नवघर, भाईंदर ही गावं, आणि त्यांच्याभोवती भातशेती, खाजणं, मिठागरं. अहमदाबाद महामार्गावरच्या काशिमीऱ्यापासून भाईंदर स्टेशनाकडे जाणारा रस्ता याच सपाटीवरून जातो. सिल्व्हर पार्क हा त्या रस्त्यावरचा थांबा. 1962 च्या त्या विक्रमी थंडीत इथे मोटारीपेक्षा मिठाच्या राशी कितीतरी जास्त होत्या.

मग मुंबई इकडे सरकली. 1976 च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्यात दुर्बल घटकांसाठी घरं बांधण्याच्या अटीवर जमिनींना सूट मिळत होती. शांतीनगर उभारणाऱ्या शांतिस्टार बिल्डर्सचा खटला याच सुटीवरून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1990 च्या निकालात न्यायालयानं निवारा हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. कायद्याच्या पुस्तकात तो निकाल अजून शिकवला जातो. इथे मुद्दा वेगळा आहे: दुर्बल घटकांच्या छोट्या घरांच्या आराखड्यात मोटार कोणाच्या मनात असणार? चार मजली इमारती, मधे अरुंद गल्ल्या, झाकलेलं पार्किंग क्वचितच. मीरा-भाईंदरची नगरपालिका 1985 मध्ये झाली, महापालिका 2002 मध्ये. 1991 ला लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती, 2001 ला ती 5,20,388 झाली, 2011 ला 8,09,378. माणसं वाढली, त्यांच्यामागून गाड्या आल्या, आणि उघड्या आभाळाखाली उभ्या राहिल्या.

आता सगळं जुळवून बघावं. मीरा रोडचा नोकरदार कामाला लोकलनं जातो. गाडी सोमवार ते शनिवार कव्हरखाली. रविवारी सकाळी वज्रेश्वरी किंवा विरारची जीवदानी ठरलेली असते, डबे भरलेले, मुलं नव्या कपड्यांत. आठवडाभर न चाललेली बॅटरी, रात्रीचं दव आणि उतार नावालाही नाही. पद्मिनीचं वजन साधारण नऊशे किलो. एकट्यानं ढकलून ती वेग धरत नाही. मग खालच्या मजल्यावरचे काका, पेपर टाकणारा पोरगा, वॉचमन आणि दूध घेऊन येणारा कोणीतरी, अशी चौघांची फळी जमे. नव्या वसाहतीत शेजाऱ्यांची ओळख सत्यनारायणाच्या पूजेनं होते असं म्हणतात. या गल्ल्यांत ती बऱ्याचदा पद्मिनीच्या डिकीला हात लावून झाली. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि काही वर्षांत ही फळी दोघांवर आली, कारण ती गाडी कितीतरी हलकी होती.

थंडीपेक्षा इथे जास्त छळलं ते मिठानं. मिठागरांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन पावसाच्या तोंडापर्यंत चालतो, म्हणजे थंडीच्या दिवसांतही तो चालू असतो. खाऱ्या हवेतलं दव पहाटे बॉनेटच्या फटीतून आत उतरतं. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड धरते, अर्थिंगची पट्टी चॅसीला जिथे बोल्टनं बसवलेली असते तिथे गंज चढतो. सेल्फ मारल्यावर नुसतंच ‘टक’ वाजतं. मालक समजतो बॅटरी गेली, आणि बॅटरीवाला तो समज खोडून काढायची घाई करत नाही. खरं तर उकळत्या पाण्याचा एक तांब्या टर्मिनलवर ओतला, पॉलिश पेपर मारला आणि वर व्हॅसलीन चोपडलं, की निम्म्या वेळा काम होतं.

उरलेल्या निम्म्या वेळा मिस्त्रीला बोलवावं लागे. त्याचं हिवाळ्यातलं काम जवळून बघण्यासारखं असे. डेल्कोची, म्हणजे डिस्ट्रिब्युटरची, टोपी दोन क्लिपांवर बसलेली. ती काढली की आतल्या बाजूला दवाचा बारीक थर दिसतो. बोटाला फडकं गुंडाळून तो टिपायचा, अगदी कोपऱ्यातला कोळशाचा दाणाही. मग पॉइंट. दोन इवल्या धातूच्या टिकल्या, एकीवर खड्डा पडलेला, दुसरीवर त्याच मापाचा उंचवटा. पॉलिश पेपरची घडी दोन्हींच्या मध्ये घालून घासायचं, फुंकर मारायची, आणि मधली फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही थोडी कमी ठेवायची. फीलर गेज असलं तरी जुने मिस्त्री ते खिशातून काढत नसत, नजरेनंच लावत. स्क्रू हातभर आत, जागा दोन बोटांची, आणि गारठलेली बोटं. स्क्रू सुटून डेल्कोच्या पोटात पडला तर सकाळ गेली. त्यातच प्लग, कार्बोरेटरचे जेट रॉकेलच्या किंवा पेट्रोलच्या ताटलीत धुवायचे. पेट्रोल उडून जाताना हाताची ऊब घेऊन जातं. पाण्यापेक्षा ते किती तरी गार लागतं. थंडीत कातडी आधीच उललेली, त्यात रॉकेल, त्यावर कपडे धुण्याच्या साबणानं हात घासणं. गॅरेजवाल्यांच्या बोटांवरच्या काळ्या भेगा हिवाळ्यात जास्त दिसतात त्या यामुळे.

हे हात बऱ्याचदा लहान मुलांचेही असत. उस्तादाच्या हाताखाली दहा-बारा वर्षांचा बारक्या, त्याच्याकडे धुण्याचं काम. 1986 च्या बालकामगार कायद्याच्या धोकादायक कामांच्या यादीत मोटार गॅरेज पुढे आलं, तरी बारक्या रस्त्यावरून दिसेनासा व्हायला बरीच वर्षं गेली. या धंद्यातल्या जुन्या कारागिरांपैकी अनेकांनी शाळेच्या वयातच पाने ओळखायला घेतले होते, आणि त्याचं कौतुक करणारे लोक ती ताटली विसरतात.

धंद्याची विभागणी चोख होती. इंजिनवाला इलेक्ट्रिकला हात लावत नसे, इलेक्ट्रिशियन इंजिनाला. डेंटर-पेंटर वेगळा, सीट कव्हरवाला वेगळा, पंक्चरवाला तर वेगळाच, आणि मुंबईत तो बऱ्याचदा केरळचा. त्यामुळे थंडीत अडलेल्या गाडीचं निदान होईपर्यंत दोघांच्या फेऱ्या व्हायच्या. पार्ट मिळवायचा तर आणखी एक फेरी: नवा हवा असेल तर ऑपेरा हाऊसकडची दुकानं, जुना चालत असेल तर कुर्ल्याचा सीएसटी रोड. मीरा रोडहून हा प्रवास लोकलनं, खिशात जुना रोटर कागदात गुंडाळून, कारण नुसतं नाव सांगून मिळालेला पार्ट बसेलच याची खात्री नसे. वीस-पंचवीस रुपयांच्या वस्तूसाठी रविवारचा अर्धा दिवस. पुन्हा, रविवारी निम्मी दुकानं बंदच.

काशिमीऱ्याच्या नाक्यावर, महामार्गाला लागून, मात्र वेगळी दुनिया होती. तिथे ट्रक, टेम्पो, डिझेल. जुन्या डिझेल इंजिनांत हीटर प्लग असत. ते तापेपर्यंत थांबायचं आणि मगच सेल्फ मारायचा. प्लग जळालेला असला, की ड्रायव्हर चिंध्या रॉकेलमध्ये बुडवून पत्र्यावर पेटवत आणि तो पत्रा सरळ इंजिनाच्या खाली सरकवत. तेलाचं चेंबर तापलं की इंजिन मोकळं होई. यात ट्रक जाळून घ्यायची शक्यताही होती, पण गुजरातेत माल वेळेवर पोचवायचा असतो. खऱ्या थंडीत एवढ्यानंही भागत नाही. हिमालयात डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर बंद होतो, आणि त्यासाठी इंडियन ऑइलनं 2019 च्या नोव्हेंबरात लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं, जे उणे 33 अंशांपर्यंत पातळ राहतं. काशिमीऱ्यातल्या पेटत्या पत्र्याला त्यापुढे खेळच म्हणावं लागेल.

नव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या टॅक्सी उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे सीएनजीवर आल्या आणि थंडीच्या तक्रारींत एक नवी भर पडली. गाडी आधी पेट्रोलवर सुरू करायची, गरम झाली की गॅसवर टाकायची, हा नियम. पैसे वाचवायला टाकीत पेट्रोलच न ठेवणारे ड्रायव्हर भरपूर. त्यांचा फ्लोट कोरडा, पंपाचा पडदा सुकून चिरलेला. डिसेंबरातल्या पहाटे गॅसवरच सेल्फ मारत बॅटरी उतरवायची आणि मग दुसऱ्या टॅक्सीवाल्याकडे जंपर केबल मागायची. आजही खासगी सीएनजी गाड्यांत ही खोड गेलेली नाही. फक्त नव्या गाड्यांत स्विच आपोआप पडतो.

पद्मिनीचं उत्पादन विसाव्या शतकाबरोबर संपलं. मुंबईत टॅक्सींना वीस वर्षांची मर्यादा असल्यानं शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीचा परवाना ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस संपला, आणि वृत्तपत्रांनी त्यावर हळवे मथळे दिले. हळवं होण्यासारखं त्यात होतंही, पण गारठ्यात तिचा चोक ओढलेल्या माणसाचे डोळे जरा उशिराच पाणावतील.

खरा बदल त्याआधीच झाला होता. 1995 पासून चार महानगरांत नव्या मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचे झाले, 2001 मध्ये मुंबईत भारत स्टेज दोनचे निकष लागू झाले, आणि कार्बोरेटर मोडीत निघाला. इंजिन किती गार आहे हे सेन्सर सांगतो, पेट्रोल किती सोडायचं ते संगणक ठरवतो. चोक गेला, पॉइंट गेले, डेल्को गेली. पातळ तेलं आली, 5डब्ल्यू-30 आणि 0डब्ल्यू-20. थंडीत गाडी न सुरू होण्याचं प्रमाण खूपच घटलं, हे मान्य करायला हवं. जुन्या गाड्यांचे शौकीन ते करत नाहीत.

पण जेव्हा ती अडते तेव्हा ढकलून चालत नाही. ऑटोमॅटिक गिअरची गाडी धक्क्यानं सुरू होतच नाही. बाकीच्यांनाही धक्का मारू नका, असं कंपन्या सांगतात, कारण न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो. बल्ब बदलायला बंपर सोडवावा लागेल अशा रचना निघाल्या. मिस्त्री स्कॅनर घेऊन येतो आणि आधी कोड वाचतो. सिल्व्हर पार्कच्या आसपासच्या सोसायट्यांत आवारात गाडी दुरुस्त करायला मनाई करणाऱ्या पाट्या लागल्यात, तेल सांडतं म्हणून, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. बाहेरच्या रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे राहिले, फूटपाथवर बॉनेट उघडून बसायला जागा उरली नाही. मिस्त्री फोन केल्यावर दुचाकीवरून येतो, पाठीवरच्या सॅकमधून मोबाइलच्या पॉवर बँकेसारखा जंप-स्टार्टर काढतो, दोन चिमटे लावतो, पैसे घेतो आणि पुढच्या इमारतीकडे जातो. सगळा मामला दहा मिनिटांचा, खालच्या मजल्यावरच्या काकांना कळतही नाही.

विजेच्या गाड्यांनी हा प्रश्न मिटेल असं वाटलं होतं. त्यांच्या पोटात मोठी लिथियम बॅटरी असली, तरी दारांची कुलपं, दिवे आणि संगणक चालवायला बहुतेक गाड्यांत शेजारी एक छोटी बारा व्होल्टची बॅटरी असतेच, आणि अनेकींत ती अजून शिशाचीच. ती उतरली की लाखो रुपयांची, पूर्ण चार्ज असलेली गाडी जागची हलत नाही. मीरा रोडचा मालक तिलाही आठवडाभर कव्हरखाली ठेवतो, आणि टर्मिनलवरची पांढरी पूड तशीच धरते.